तीन मिनिटांचं लग्न

जव्हारला एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की उजव्या हाताला ‘सपना साऊंड सर्व्हिस’ अशी पाटी दिसायची. तिच्याखाली बारीक अक्षरांत एसटीडी, पीसीओ, कॅसेट भरून मिळतील, लग्नकार्यासाठी लाउडस्पीकर. पाटीवरचा हा सगळा पसारा एकट्या रोहिदासचा होता. जव्हार आणि मोखाडा अशा दोन्ही तालुक्यांत मिळून त्यानं किती लग्नं वाजवली असतील, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि या लग्नं वाजवणाऱ्या माणसाचं स्वतःचं लग्न लागलेलं नव्हतं.

याचा कोणी भलता अर्थ काढू नये. बायको होती, सकू. लग्नाला आलेली मुलगी होती, सपना, जिच्या नावाची ती पाटी. पण तिकडच्या वारल्यांमध्ये बाई घरात नांदायला येते ती आधी, आणि लग्न लागतं ते सवडीनं. कधी दोन वर्षांनी, कधी दहा, कधी पोरंबाळं झाल्यावरसुद्धा. त्याला कोणी नाक मुरडत नाही. मात्र लग्न लावायला भटजी चालत नाही, धवलेरी लागते. धवलेरी म्हणजे लग्नाचं गाणं जिच्या तोंडी आहे ती बाई. सवाष्णींनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला की ती त्याच्यापुढे दिवा घेऊन बसते, एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते, नवरानवरीची नावं गाण्यात घालते आणि हळदीपासून शेवटापर्यंत गात राहते. तिचं गाणं संपलं की लग्न लागलं. तोवर बाई कितीही वर्षं नांदो, तिला दुसऱ्याच्या लग्नात चौक लिहायचा मान नाही. आणि आईबापांचं लागल्याशिवाय पोरांचं लावत नाहीत.

आता यातली मौज अशी, की रोहिदासची आई गोजाबाई हीच त्यांच्या गावची, पोशेऱ्याची धवलेरी. लोक तिला न्यायला भल्या सकाळी येऊन ओट्यावर बसत. आसपासच्या पाड्यांवर तिनं न लावलेलं जोडपं शोधावं लागलं असतं. ते शोधायलाही लांब जायला नको होतं म्हणा. तिच्याच घरात एक होतं.

रोहिदास वाईट माणूस नव्हता. थोडा शिकलेला होता, एवढंच त्याचं दुखणं. आश्रमशाळेत दहावी झाला, ठाण्याला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तीन वर्षं राहिला आणि परत येताना एक अॅम्प्लिफायर, दोन कर्णे आणि एक समजूत घेऊन आला. समजूत अशी, की कर्ण्यातून येतो तोच आवाज, बाकी सगळं पुटपुटणं. शहाऐंशी साली सकू घरी आली आणि त्याच उन्हाळ्यात आईनं लग्नाचा विषय काढला. तो म्हणाला, सीझन झाला की बघू. लग्नाचा सीझन तोच त्याच्या धंद्याचा सीझन. दुसऱ्याच्या मांडवात कर्णे बांधायचे, की आपल्याच अंगाला हळद फासून बसायचं? सीझन झाला की पाऊस, पावसात लावणी, मग कापणी, मग पुन्हा सीझन. वीस वर्षं तो हे एकच वाक्य सांगत आला आणि त्यातला एक शब्द त्यानं बदलला नाही. खरं सांगायचं तर सवड ही सबब होती. त्याला लाज वाटायची. आपण जव्हारात दुकान टाकलेला माणूस, मास्तर आणि क्लार्क लोकांत ऊठबस असलेला, आणि आईपुढे नवरा होऊन बसायचं म्हणजे लोक हसतील असं त्याला वाटे. लोकांना तेवढाच उद्योग आहे असं प्रत्येक लाजऱ्या माणसाला वाटत असतं.

कितीतरी लग्नांत मायलेक एकाच मांडवात असत. आत चौकापुढे गोजाबाई गात असायची, बाहेर आंब्याच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यांतून सिनेमाची गाणी वाजत असायची. आतलं गाणं बाहेर ऐकू यायचं नाही, आणि बाहेरच्या गाण्यामुळे आतही धड ऐकू यायचं नाही. नवरीला वाकून कान द्यावा लागे. म्हाताऱ्या बायका कुरकुरत, पण बोलायचं कोणाला? आवाज दाबणारा तिचाच मुलगा होता. एकदा त्यानं मोठ्या मनानं आईपुढे माइक नेऊन धरला. गोजाबाईनं तो हातानं बाजूला केला आणि विचारलं, “देव काय भयरे आहात?”

सकू अशा लग्नांना जायची आणि चौकासाठी तांदूळ कुटून द्यायची. पीठ कालवून वाटी सवाष्णींच्या हातात ठेवायची आणि स्वतः दाराशी उभी राहून बघायची. चौकातली रेघ वाकडी गेली तर तिला ती आधी दिसे, पण ती बोलत नसे. हात तिचा चांगला होता. घरी चुलीमागच्या भिंतीवर ती बोटानं पिठाच्या रेघा काढून बघायची आणि कोणी यायच्या आत पुसून टाकायची. सासूनं ते एकदा पाहिलं होतं. त्यानंतर गोजाबाई लग्नाबद्दल मुलाशी जास्त बोलेनाशी झाली आणि सुनेजवळ जास्त बसायला लागली.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास आईनं दुकानात येऊन कॅसेटच्या फळ्या बघितल्या आणि विचारलं, तुझ्या या पट्टीत माझं गाणं मावेल काय? घरात कोणी शिकत नव्हतं, तिचा घसा पूर्वीचा राहिला नव्हता, हे ती बोलली नाही. रोहिदासकडे टेपरेकॉर्डर होते तीन. कोऱ्या कॅसेटी खोकंभर होत्या. तो म्हणाला, मावेल की, सीझन झाला की भरू. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण या माणसाला वळसा घालायचीसुद्धा सवड नव्हती.

मग दोन हजार एक साली नीता आली. नाशिकच्या एका संस्थेची मुलगी, खांद्याला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. संस्थेनं एक नवी टूम काढली होती. नाशिकला एका कॉम्प्युटरला टेलिफोन जोडला होता. डोंगरातल्या बायकांनी कुठूनही फोन करायचा, शिट्टी वाजली की गाणं, गोष्ट, तक्रार काय असेल ते बोलायचं, आणि मशीन ते साठवून ठेवणार. पोशेऱ्यात नीता गोजाबाईच्या ओट्यावर दोन दिवस बसली. गोजाबाईनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेतली, की मशीन मरत नाही ना? नीता म्हणाली, आजी, त्यात गेलेलं कायम राहतं.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी गोजाबाई एसटीनं जव्हारला येऊ लागली. पोशेऱ्यात फोन नव्हता, आणि असता तरी ती इथंच आली असती. रोहिदासच्या दुकानात कोपऱ्यात काचेची केबिन होती, आत स्टूल, फोन आणि वर लाल आकड्यांचं मीटर. रोहिदास नंबर लावून द्यायचा, दार ओढून घ्यायचा आणि बाहेर टेबलाशी बसायचा. काचेतून आई दिसायची. डोळे मिटलेले, एका मुठीत रिसिव्हर, दुसऱ्या मुठीत तांदळाचे दाणे, आणि ओठ हलताहेत. ऐकू काही यायचं नाही. तीन मिनिटं झाली की मशीन आपण होऊन फोन तोडायचं. मग ती डोळे उघडून रिसिव्हरकडे बघत बसायची. रोहिदासनं तिला समजावून सांगितलं, की मशीन तीन मिनिटंच घेतं, तेव्हा जिथं तुटलं तिथून पुढचं पुढच्या फोनात म्हणायचं. ती त्याच्याकडे बघून हसली. कळलं म्हणून हसली असेल असं त्याला वाटलं.

तीनसाडेतीन महिने हे चाललं. आईकडून तो पैसे घेत नव्हता, पण बूथवाल्याचा डोळा, तो सवयीनं मीटरवरच. लाल आकडे पळताना बघायची त्याला खोड होती. एका बाजाराच्या दिवशी आई केबिनमधून लवकरच बाहेर आली, मुठीतले तांदूळ तिनं पदराला बांधले आणि म्हणाली, आता पुरे. पुन्हा ती फोनासाठी आली नाही.

दोन हजार तीनच्या लावणीत तिला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली. शेवटचे दोन दिवस ती सकूचा हात धरून होती आणि तिच्या तळव्यावर बोटानं रेघा काढत होती. ती चौक लिहीत होती हे सकूला कळलं, रोहिदासला नाही. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसं झालं. दिवस झाल्यावर तो एक दिवस दुकानात कोऱ्या कॅसेटींच्या खोक्यापुढे बसून राहिला. गिऱ्हाईक आलं तरी उठला नाही.

यानंतरची तीन वर्षं तशीच गेली, पुढचीही गेली असती. पण सहा सालच्या होळीनंतर सपनाचं जमलं. मुलगा खोडाळ्याचा, ग्रामपंचायतीत कामाला. माणसं भली होती. त्यांनी एवढंच विचारलं, की तुमचं लागलंय ना? नसेल तर आधी ते उरका, मग आमचा मांडव. पद्धतच ती. खोडाळ्याला मंगळी नावाची चांगली धवलेरी होती, तिला सांगितलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. पण जन्मभर गप्प राहिलेली सकू इथं अडून बसली. ती म्हणाली, “लावीन तर सासूच्या तोंडचां. नायतर मी अशीच बरी.”

मेलेल्या माणसाच्या तोंडचं लग्न कसं लावणार? रोहिदास आधी चिडला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला नाशिकचं मशीन आठवलं. आईनं गाणं तुकड्या तुकड्यांत का होईना, भरून ठेवलेलं होतं. ते तुकडे जोडायचे. हे तर त्याचंच काम. दोन वर्षांपूर्वी त्यानं कॉम्प्युटर घेतला होता, त्यात आवाज कापायचं आणि जोडायचं सॉफ्टवेअर होतं. त्यानं सकूला शब्द दिला, की तुझं लग्न आईच लावेल, पहिल्यापासून शेवटापर्यंत. सकूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच दिवशी चौकासाठी तांदूळ निवडायला घेतले.

संस्था बंद पडली होती. नीता आता नाशिकला एका शाळेत शिकवत होती. तिनं कपाटातून एक सीडी काढून दिली. त्यावर गोजाबाईच्या चौदा फायली होत्या. देताना तिचा चेहरा उतरला. फोन खूप यायचे, ती म्हणाली, शेकड्यांनी यायचे, पण ऐकायला माणूस नव्हता. साठवायला मशीन होतं. तिनं स्वतः यातली एकही फाईल ऐकलेली नव्हती.

जव्हारला येऊन रोहिदासनं सीडी घातली. चौदा फायली, प्रत्येकीच्या नावामागे टिंब देऊन व्हॉक्स असं लिहिलेलं. पहिल्या तेरा फायली एकाच वजनाच्या, एका अक्षराचाही फरक नाही. चौदावी तेवढी लहान. त्यानं पहिलीवर क्लिक केलं, तर कॉम्प्युटरनं त्यालाच विचारलं, ही कशानं उघडू? गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरनं हात झटकले. मग रोहिदासनं शहाणपण केलं, नावामागचं व्हॉक्स खोडून वेव्ह लिहिलं. पाटी बदलून दुकान बदलत नाही हे पाटीवाल्याला तरी कळायला हवं होतं. आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्ची फाईल उघडायची एक सोय होती, पण ते आधी प्रश्न विचारायचं. किती बिट, वेग किती, एक बाजू की दोन? त्यानं सीडीच्या गाण्यांना असतात ते आकडे भरले. तापल्या तव्यावर मीठ टाकावं तसा तडतडाट कर्ण्यांतून आला आणि समोरचा चहावाला पळत बघायला आला. सकू दाराशी बसून होती. तिनं विचारलं, ही आई? तो म्हणाला, नाही, अजून नाही.

आठ दिवस तो आकडे बदलत राहिला. कधी तडतड, कधी घरघर. पण त्या घरघरीत मध्येच कोणीतरी श्वास घेतल्यासारखा खळगा पडायचा, तेवढ्यावर त्यानं धीर धरला. शेवटी नीतानं संस्थेचं मशीन बसवणाऱ्या जुन्या माणसाला शोधलं आणि फोन जोडून दिला. तो माणूस हसला आणि म्हणाला, अहो, टेलिफोनच्या मशीनला जागा वाचवायची असते. ते आवाज चार बिटांत आवळून भरतं, आणि कसा भरला, किती वेगानं भरला, ते फाईलवर कुठंच लिहीत नाही. तुम्ही यादीतून व्हॉक्सचं एडीपीसीएम निवडा, एक बाजू ठेवा, वेग आठ हजार द्या. नाही जमलं तर सहा हजार द्या.

रोहिदासनं आठ हजार दिला. तडतड गेली आणि एकदम बाईमाणसाचा आवाज आला. पण तो आईचा नव्हता. कोवळ्या पोरीचा होता, चिरका, धावणारा. सकूनं मान हलवली. त्यानं सहा हजार भरला आणि पुन्हा लावला.

गोजाबाई दुकानात आली. जरा बसलेला घसा, ओळीच्या शेवटी खाली सोडून दिलेला सूर, मधून घेतलेला दम. ती सावकाश एकेका देवाला हाक मारत होती. हिरव्याला बोलावलं, हिमायला, नारायणदेवाला, कणसरीला. तुमच्या वाटेवर पाणी शिंपलंय, या. सकूनं डोक्यावर पदर घेतला. रोहिदास खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. कर्ण्यातून येतो तोच आवाज म्हणणारा माणूस, त्याच्या कर्ण्यांतून आज पहिल्यांदा आवाज आला होता. पाच देव झाले, सातवा, आठवा, आणि टक करून फोन तुटला.

त्यानं दुसरी फाईल लावली. हिरव्याला बोलावलं, हिमायला, नारायणदेवाला. त्याला वाटलं चुकून पहिलीच लागली. नाव बघितलं, दुसरीच होती. तिसरी लावली. पुन्हा हिरव्यापासून. चौथी, पाचवी. जिथं तुटलं तिथून ती एकदाही पुढे गेलेली नव्हती. प्रत्येक वेळी तिनं देवांना पहिल्यापासून बोलावलं होतं, आणि प्रत्येक वेळी देव जमता जमता मशीननं फोन तोडला होता. जोडायचं काय? तुकडे नव्हतेच. एकच तुकडा होता, पुन्हा पुन्हा.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. प्रत्येक फाईल मागच्यापेक्षा जरा जलद होती. त्याला वाटलं, वेगाचा आकडा चुकतोय. पाचवीला त्यानं साडेपाच हजार दिला, तर आवाज जड होऊन पुरुषी झाला. पुन्हा सहा हजार केला. आवाज बरोबर होता, आईचाच होता. आकडा चुकत नव्हता. आई घाई करत होती. अर्धा दिवस गायचं गाणं ती तीन मिनिटांत बसवायला बघत होती. ओळीच्या शेवटचा सूर तिनं सोडला होता, दम घेणं सोडलं होतं.

या घाईमुळे सहाव्या फाईलमध्ये देव लवकर आटोपले आणि गाणं नावांपर्यंत पोहोचलं. नवरा कोणाचा? गोजाचा रोहिदास. नवरी कोण? घरची सकू. आणि टक.

रोहिदासनं तीच पुन्हा एकदा लावली, मग पुढची. सातवीपासून प्रत्येकीत तीच नावं होती, आणि नावांपुढे थोडं थोडं जास्त. दहावीत ती मांडवाच्या खांबापर्यंत आली. बाराव्या फाईलमध्ये तिला ठसका लागला आणि ठसक्यातली दोनचार सेकंदं वाया गेली म्हणून ती आणखी धावली. तेरावीत ती हळदीला पोहोचली. हळद कुटली, वाटीत काढली, नवरीच्या कपाळाला लावणार, तेवढ्यात टक.

चौदावी लहान फाईल लावली तेव्हा तिच्यात गाणं नव्हतं. नुसतं बोलणं होतं.

“नीताबाय, मी गोजा बोलतां. तेरा येळा लगीन लावाय घेतलां, तेरा येळा तुझ्या मशीननं तोडलां. पोरगा सांगतो, तुटलां तिथून पुढां म्हण. तसां नाय होत, बाय. देव आल्याबिगर हळद कशी लावू? म्हणून परत पयल्यापासून बोलवतां. देव पण दमलं असतील.” इथं ती थांबली. दाणे मुठीत फिरल्याचा बारीक आवाज आला. “नाव कोनाचां घ्यावां तां तू सांगला नाय. लगीन नाय लागलां असा जोडा पायजे. मी माझ्या पोराचां नि सकूचां घेतलां. त्याला नको सांगू. हिथंच बसलाय, काचंच्या भायेर. मी त्याचां लगीन लावतां, नि तो मीटर बघतो.”

मग फोन ठेवल्याचा आवाज. हा फोन मशीननं तोडलेला नव्हता, तिनंच ठेवला होता.

रोहिदास उठून दुकानाच्या मागे गेला आणि भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. बेचाळीस वर्षांचा माणूस. सकू त्याच्यामागे गेली नाही. निवडून ठेवलेल्या तांदळात ती हात घालून बसली होती. त्यानं तिला पुरं लग्न कबूल केलं होतं आणि त्याच्या हातात होती ती हळदीपर्यंतची तीन मिनिटं.

खोडाळ्याला जाऊन त्यानं मंगळीपुढे सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. म्हणाला, आईचं राहू दे, तूच पहिल्यापासून लाव, सकूला मी समजावतो. मंगळी म्हातारी, काळी, तोंडात मिश्री. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तसं होत नाही, ती म्हणाली. एका जोडप्याची नावं सांगून देव बोलावले, त्यांना कोणी निरोप दिला नाही. “ते उठतील कसं? तुझ्या फोनाच्या खोलीत बसलं आहात, पाच वरसं. आधी त्यांना मोकळां कर.” म्हणजे काय करायचं, ते त्यानं विचारलं. ती म्हणाली, गोजानं घेतलंय तिथून पुढे मी म्हणते, पण तिथंच येऊन म्हणायला लागेल.

म्हणून जव्हारच्या बाजारात, भर दुपारी, लोडशेडिंग नसलेली वेळ धरून ‘सपना साऊंड’मध्ये लग्न लागलं. पोशेऱ्याहून सवाष्णी आल्या. कॅसेटच्या फळ्या उतरवून त्यांनी भिंत सारवली आणि सकूनं कुटलेल्या पिठानं तिच्यावर चौक लिहिला. मोबाइल आल्यापासून केबिनला कोणी विचारत नव्हतं, आत रिकाम्या खोक्यांची रास होती. ती रोहिदासनं स्वतः काढली आणि काच पुसली. दिवा केबिनमध्ये ठेवला. दारात गर्दी जमली. मास्तर होते, क्लार्क होते, चहावाला होता. कोणीही हसलं नाही. वीस वर्षं तो ज्यांना भ्यायला होता ते लोक चपला काढून उभे होते.

कोणती फाईल लावायची यावर मात्र अडलं. मंगळीचं म्हणणं पहिली लाव, देवांना घाईनं बोलवत नाहीत. सकू म्हणाली तेरावी, तिच्यात आमची नावं आहेत. मंगळीनं ते ऐकलं. रोहिदासनं कर्णे जोडले नाहीत. टेबलावरचा एक लहान स्पीकर केबिनच्या उंबऱ्यावर ठेवला, तेरावी फाईल लावली आणि केबिनच्या आत, आई बसायची त्या स्टुलाशेजारी, सकूबरोबर जमिनीवर बसला.

गोजाबाई धावत आली. धापा टाकत तिनं देव बोलावले, नावं घेतली, खांब रोवला, हळद कुटली. सकूनं डोळे मिटून कपाळ पुढे केलं. टक झालं.

त्या टकच्या पुढे आई नव्हती. रोहिदासला ते ठाऊक होतं, तरी तो क्षणभर वाट बघत राहिला. तेवढ्यात मंगळीनं ती ओळ उचलली. त्याच सुरात आणि त्याच घाईनं, गोजाबाईच्या पावलांवर पावलं टाकत तिनं नवरीला हळद लावली. मग दोनचार ओळींनंतर ती जरा थांबली, दम घेतला, आणि हळूहळू, बैल वळणावर सैल सोडावेत तसं तिनं गाणं सैल केलं. ओळीच्या शेवटचा सूर पुन्हा खाली जाऊन टेकायला लागला.

रोहिदासची नजर खोडीप्रमाणे वर गेली. मीटर केव्हाचं बंद होतं, त्याच्या काळ्या काचेत दिवा दिसत होता. त्यानं नजर खाली आणली आणि ऐकत राहिला. शेकडो मांडवांत तो हे गाणं चालू असताना हजर होता, पण त्याचा शेवट त्यानं कधी ऐकला नव्हता. दिवेलागणीला तो आला. देवांना एकेकाचं नाव घेऊन घरी पाठवलं जातं, वाट जपून जा म्हणून सांगितलं जातं, एवढाच तो शेवट. फार साधा होता. आईच्या तोंडून ऐकायला हवा होता.